दगड, पाणी आणि झाडं: मागच्या बागेचं काम कोणत्या क्रमानं काढावं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात बंगल्यामागे साधारण १५०० चौरस फूट जागा आहे. अर्ध्या भागात लॉन आहे, ते एप्रिलमध्ये करपतं आणि जुलैमध्ये चिखलात जातं. मागच्या कंपाउंडच्या भिंतीशी पाणी साचतं. तुम्हाला दगडी पायवाट, बसायला कट्टा, धबधबा, कमळांचं कुंड आणि नवी झाडं हवी आहेत. घरात चार वर्षांची नात आहे. कंत्राटदारानं दाखवलेलं चित्र बरोबर आहे का आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

चित्र देखणं आहे, पण ते जानेवारीतलं आहे. जुलैत आणि मेमध्ये तीच बाग कशी असेल, हे त्यात कुठंच नाही. माझा सल्ला सरळ आहे: धबधबा निम्म्यावर आणा, लॉन बहुतेक काढून टाका, कुंडाचा विचार नातीचं वय बघून पुढं ढकला आणि पहिला पैसा पावसाच्या पाण्याला वाट करून देण्यावर घाला. चित्रातलं सगळं त्या वाटेवर बसवता येतं.

आधी हिशेब करू. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी होतं. तुमची मागची जागा सुमारे १४० चौरस मीटर. वळवाच्या एका सरीत ५० मिलिमीटर पडला तर ७००० लिटर. त्यात गच्चीचे पाइप मागं सोडलेले असतील, आणि ते बहुधा असतातच, तर दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त पाणी तासा-दोन तासांत त्या अंगणात ओतलं जातं. त्यावर फरशी घातली की मुरणारं पाणीही मुरेनासं होतं. भिंतीशी साचणारं पाणी आज घोट्याएवढं असेल, तर चित्राप्रमाणं काम झाल्यावर ते नक्की वाढेल.

म्हणून या पावसाळ्यात काहीही बांधू नका. दोन मोठ्या सरींत छत्री घेऊन मागं उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठं थबकतं, किती वेळानं ओसरतं, हे चुन्याची फक्की टाकून किंवा खुंट्या ठोकून नोंदवा. मोबाइलवर फोटो काढा. मग एक फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेऊन खाली काय लागतं ते बघा. पुण्यात कुठं दीड फुटावर मुरूम लागतो, कुठं सहा फूट काळी माती असते, आणि बंगल्यांच्या मागं हमखास तिसराच प्रकार निघतो: बांधकामाचा राडारोडा, वर चार इंच माती पसरून झाकलेला. तुमचं लॉन करपण्याचं कारण त्यातच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

निचऱ्याची रचना अशी. घराकडून मागच्या भिंतीकडे दर १० फुटांना २ इंच ढाळ. भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून तिला समांतर एक चर: फूटभर रुंद, दीड फूट खोल. चराला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचं अस्तर, त्यात चार इंच व्यासाचा, भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला, वर २० ते ४० मिलिमीटरची खडी आणि कापडाची घडी वरून बंद. पाइप एका शोषखड्ड्यात सोडायचा. शोषखड्डा घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब हवा आणि खाली मुरूम लागेपर्यंत खणलेला हवा. काळ्या मातीतच थांबलात तर तो पहिल्या आठवड्यात भरतो आणि तसाच राहतो, कारण ओली काळी माती पाणी खाली सोडतच नाही. बोअरवेल असेल तर गाळण-खड्ड्यातून हे पाणी तिच्या पुनर्भरणाला देता येतं.

याच चरावर वर गोटे पसरले की दिसायला कोरड्या ओढ्यासारखं दिसतं. आठ महिने दगडांची नक्षी, चार महिने खरंच वाहणारं पाणी. कंत्राटदाराच्या धबधब्यापेक्षा मला हा ओढा जास्त आवडतो. त्याला पंप लागत नाही आणि तो बरोबर त्याच दिवशी वाहतो ज्या दिवशी तुम्ही व्हरांड्यात चहा घेऊन बसलेले असता.

आता दगड. पुण्यात राहून इटालियन किंवा राजस्थानी दगडाच्या मागं लागू नका. काळा पाषाण आपल्या पायाखाली आहे, पावसानं त्याला काही होत नाही आणि जुना झाला की अधिक चांगला दिसतो. त्याचा दोष एकच, उन्हात तो जबर तापतो. अनवाणी चालायची जागा आणि बसायचा कट्टा दुपारी तीननंतर सावलीत येईल अशा ठिकाणी घ्या. जांभा मला कोकणात आवडतो. इथंही चालतो, पण तो पाणी पितो, पावसाळ्यात शेवाळून काळपट होतो. हे रूप आवडत असेल तरच आणा. पायवाटेला शहाबादी फरशी अजूनही उत्तम आणि परवडणारी आहे. मात्र पॉलिश केलेली कोटा किंवा शहाबादी बाहेर लावू नका. शेवाळलेल्या पॉलिश फरशीवरून म्हातारी माणसं पडतात, हे पुण्यातल्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा. खडबडीत बाजू वर घ्या किंवा मिस्त्रीकडून छिन्नीनं टाकी मारून घ्या. आणि शहाबादी, कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, ते साफ करायला कामवाल्या माणसाला अ‍ॅसिड देऊ नका. एका धुण्यात पृष्ठभाग खाल्ला जातो आणि पुढं डाग अधिकच धरतो.

पायवाटेच्या खालचे थर कधीच दिसत नाहीत, म्हणून चोरी तिथं होते. आठ-नऊ इंच खणा, चार-पाच इंच मुरूम पाणी मारून धुमसानं बसवा, त्यावर दोन इंच क्रश सँड, त्यावर फरशी. खाली काळी माती असेल तर दीड फूट काढून टाका आणि मुरमानं भरा. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, वरची फरशी दर उन्हाळ्यात हलते. सिमेंटचा कोबा करून त्यावर फरशी चिकटवण्याचा आग्रह मिस्त्री धरेल. तो धरू देऊ नका. वाळूवर बसवलेली फरशी खचली तर उचलून पुन्हा बसवता येते आणि सांध्यांतून पाणीही मुरतं. पायवाटेची रुंदी तीन फूट पुरते, दोघांनी शेजारी चालायचं असेल तर चार. सुटे दगड टाकायचे असतील तर मध्य ते मध्य वीस-बावीस इंच ठेवा. चित्रांमध्ये दोन फुटांच्या वर अंतर दाखवतात, साडी नेसलेल्या बाईला ते उडी मारल्याखेरीज गाठता येत नाही.

पातळीत फरक आहे तिथं सिमेंटची रिटेनिंग वॉल न बांधता गडगा रचून घ्या, म्हणजे चुना-सिमेंट न लावता रचलेली दगडी भिंत. तीन फुटांपर्यंत उंचीला ती उत्तम काम देते, कारण मागचं पाणी तिच्यातून झिरपून बाहेर येतं आणि भिंतीवर दाब साठत नाही. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी तरी हवी. पहिला थर जमिनीत अर्धा फूट गाडलेला, सर्वांत मोठे दगड तिथंच. दर फूट उंचीला दोन इंच मातीकडे झुकाव. प्रत्येक थरात सांधमोड, म्हणजे वरच्या दगडानं खालचा सांधा झाकला पाहिजे. अधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीत जाणारा लांब दगड. फटीत कपची मागच्या बाजूनं मारायची. पुढून ठोकलेली कपची दोन पावसांत गळून पडते. भिंतीमागं फूटभर खडी भरायची. हे काम शहरातल्या टाइल लावणाऱ्या मिस्त्रीला येत नाही. मावळ, भोर, वेल्हे या बाजूची शेताच्या ताली रचणारी जुनी माणसं अजून आहेत, त्यांना शोधा. ते ओळंबाही लावत नाहीत आणि भिंत हलत नाही.

मोठे धोंडे ठेवायचे तर प्रत्येकाचा तिसरा हिस्सा तरी जमिनीत गेला पाहिजे, आणि दगडावर जी नैसर्गिक ओलाव्याची, मातीची रेघ असते ती जमिनीच्या पातळीला यायला हवी. जमिनीवर नुसता ठेवलेला धोंडा ट्रकमधून आत्ताच उतरवल्यासारखा दिसतो. टेकडीवरून दगड उचलून आणू नका. ती टेकडीची धूप थांबवणारी गोष्ट आहे आणि गौण खनिजाची परवानगी नसताना उचलणं बेकायदा आहे. खाणीतून पावतीसह घ्या, डबर (ओबडधोबड बांधकामाचे दगड) आणि खडी ब्रासवर मिळते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. जुने वाडे पाडतात तिथं घडीव जोत्याचे दगड, पायऱ्या, उखळं, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणी मिळतात, त्या घ्या. पण वीरगळ, सतीशिळा किंवा मूर्तीचा तुकडा 'गार्डन पीस' म्हणून कुणी विकत असेल तर हात लावू नका. तो एखाद्या गावाच्या वेशीवरून उचललेला असतो, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी शिल्पं येतात.

पाण्याकडे येतो. तुमच्या चित्रात आठ बाय पाच फुटांचं, दोन फूट खोल कुंड आहे. त्यात सुमारे २२०० लिटर पाणी बसतं. चार वर्षांच्या मुलीसाठी दोन फूट पाणी धोक्याचंच आहे, फूटभरसुद्धा आहे. जाळी टाकून, कठडा लावून मार्ग निघतो, पण मग कुंडाची शोभा जाते. त्यापेक्षा पाणी वाहताना दिसेल पण साचलेलं दिसणार नाही, अशी रचना करा. जमिनीत २०० ते ३०० लिटरची टाकी पुरायची, तिच्यावर भक्कम लोखंडी जाळी, जाळीवर डासांची बारीक जाळी, वर गोटे. टाकीतला पंप पाणी वर ठेवलेल्या दगडी डोणीत चढवतो, डोण भरून पाणी तिच्या काठावरून गोट्यांत उतरतं आणि परत टाकीत जातं. डोण जोत्यावर अडीच फूट उंच बसवली की नात हात घालून खेळू शकते. ती दहा-अकरा वर्षांची झाली की त्याच पाइपलाइनवर कुंड करता येईल, जागा आखून ठेवा.

धबधबा हवाच असेल तर काठाची रुंदी आधी ठरवा. सलग पडदा दिसायला काठाच्या दर इंचाला ताशी साधारण ३८० लिटर पाणी लागतं. म्हणजे फूटभर रुंद धारेला ताशी साडेचार हजार लिटर, तेही पंपाच्या डब्यावर लिहिलेलं नव्हे, तर तुमच्या उंचीला प्रत्यक्ष मिळणारं. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तीन फूट वर चढवलं की तो बराच खाली येतो. कंपनीच्या तक्त्यात उंचीसमोरचा आकडा बघून पंप घ्या. बहुतेक घरगुती धबधबे फसतात ते इथं: तीन फुटांचा काठ आणि मत्स्यटाकीचा पंप. पाणी पडत नाही, दगडाला चिकटून ओघळतं. काठाच्या दगडाच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, बोटभर खाच मारून घ्या, म्हणजे धार दगड सोडते. ८० वॅटचा पंप रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात, तेव्हा विजेची चिंता नको. चिंता शॉकची करा. बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग असल्याशिवाय पंप सुरूच करू नका.

शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्याला पंप नव्हता. कात्रजच्या तलावांतून नळांनी आलेलं पाणी उंचीच्या जोरावर उडत असे. तुमच्याकडे गच्चीवर टाकी आहे, तिथून अर्धा इंची नळी आणून डोणीवर नुसती थेंबथेंब धार सोडली तरी चालतं. उथळ दगडी परात, दोन इंच पाणी आणि वरून पडणारा थेंब. बुलबुल, दयाळ, नाचण, शिंजीर यांना एवढंच लागतं. मोठ्या कारंज्याकडे ते फिरकत नाहीत.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही आणि कुंड करायचंच आहे, त्यांच्यासाठी: सिमेंटच्या हौदापेक्षा शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद स्वस्त पडतो आणि काळ्या मातीत सिमेंटसारखा तडकत नाही. माप असं काढा: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक दोन फूट, रुंदीचंही तसंच. आठ बाय पाच, दोन फूट खोलीला १४ बाय ११ फूट. खाली जुनी सतरंजी किंवा जिओटेक्स्टाइल घाला, वर कुठंही कागद उघडा ठेवू नका, ऊन त्याला खातं. कुंडाचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तीन इंच वर हवा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळा गढूळ ओहोळ आत येतो. जादा पाण्याची वाट त्याच खडीच्या चरात. सिमेंटचंच केलं तर पाणी भरून आठवडाभर ठेवा आणि सोडून द्या, असं तीन-चार वेळा केल्याशिवाय मासे सोडू नका. नव्या सिमेंटचा चुना त्यांना मारतो. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाणी हिरवं होतं. घाबरून उपसू नका, उपसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कुमुदिनीच्या पानांनी निम्मा-अधिक पृष्ठभाग झाकला की हिरवेपणा आपोआप उतरतो. कमळाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, ते नसेल तर कमळाचा हट्ट सोडा. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

डास हा पुण्यात खरा प्रश्न आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडतो, म्हणून डोणी, परात आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. कुंडात गप्पी मासे सोडले की काम होतं, पण ते नदी-ओढ्यात जाऊ देऊ नका. गावाला जाताना पंप बंद करणार असाल तर टाकीही रिकामी करा. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्यातून रोज आठ-दहा मिलिमीटर बाष्प होऊन जातं, मघाच्या कुंडातून दिवसाला ३०-३५ लिटर, तुषार उडत असतील तर आणखी. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार मागं राहतात आणि काळ्या दगडावर पांढरी पुटं चढतात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तिसरा हिस्सा पाणी झाडांना घालून ताजं भरा.

झाडं शेवटी, आणि तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी. लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. तुमच्या ७० चौरस मीटरला तीनशे लिटरच्या वर. नातीला लोळायला दहा बाय बारा फुटांचा तुकडा ठेवा, उरलेलं काढा. राडारोडा निघाला तर तो निवडून काढून दोन फूट चांगली माती भरावी लागेल, हा खर्च धबधब्याच्या आधी धरा.

एवढ्या जागेत एक मोठं झाड पुरतं. तामण घ्या, राज्याचं फूल आहे, उन्हाळ्यात जांभळं होतं आणि त्याला ओलसर जागा चालते, म्हणून निचऱ्याच्या चराच्या खालच्या टोकाला बसेल. नाहीतर बहावा, तो कोरड्या, उंच कोपऱ्यात. उंबर, पिंपळ, रबर जातीचं काहीही दगडकाम आणि टाकीच्या जवळ नको. मधल्या उंचीला पांढरा कुडा, पारिजातक, कामिनी, मुरुडशेंग. पारिजातक पायवाटेच्या कडेला लावा, सकाळी फुलं फरशीवर पडलेली हवीत. डोणीवर नको, तिथं ती कुजतात. लिंबू आणि कढीपत्ता लावलात तर फुलपाखरांच्या अळ्या येतील, पानं खातील. औषध मारू नका, ब्लू मॉर्मन हे आपलं राज्य फुलपाखरू लिंबाच्या कुळावरच वाढतं.

चराच्या ओलाव्यात कर्दळ, वेखंड, ब्राह्मी. गडग्याच्या वरच्या मातीत वाळा. त्याची मुळं सहा ते दहा फूट सरळ खाली जातात आणि भराव धरून ठेवतात. गडग्याच्या फटींत पानओवा, पानफुटी, चिनी गुलाब, सावलीच्या बाजूला नेचे आपले आपण येतात, फक्त माळ्याला ते उपटू देऊ नका. पावसाळ्यासाठी तेरड्याचं बी एकदा टाका, पुढं तो दरवर्षी उगवतो. अनंत आवडत असेल तर नव्या सिमेंटच्या कामापासून आणि बोअरच्या पाण्यापासून लांब, शक्यतो कुंडीत लावा. चुन्यानं त्याची पानं पिवळी पडतात आणि लोक वर्षभर लोह घालत बसतात.

रोपं लहान घ्या. दोन फुटांचं रोप तीन वर्षांत आठ फुटी झाडाला गाठतं, कारण मोठ्या झाडाची मुळं पिशवीत गोल गुंडाळलेली असतात आणि ती सुटायलाच दोन वर्षं जातात. चित्रात दोनशे रोपं दाखवली आहेत. ती पहिल्या दिवशी भरगच्च दिसावीत म्हणून. साठ-सत्तर पुरतील, मधल्या जागी पहिली दोन वर्षं झेंडू, तुळस, गवती चहा येऊ द्या.

वेळापत्रक: या पावसाळ्यात बघणं, दिवाळीनंतर आखणी आणि निचऱ्याचं काम, जानेवारी ते मार्च दगडकाम, कारण मेच्या उन्हात सिमेंटचं क्युरिंग नीट होत नाही आणि माणसंही मिळत नाहीत. एप्रिलमध्ये पंप आणि विजेचं काम, मेमध्ये माती भरणं. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड. कंत्राटदाराला पैसे याच टप्प्यांनी द्या. शेवटचा हप्ता लागवडीनंतर न देता पहिल्या मोठ्या सरीनंतर, भिंतीशी पाणी थांबत नाही हे बघून द्या, आणि ही अट कोटेशनवर आधीच लिहून घ्या. मजुरी आणि साहित्य वेगळं मांडायला सांगा; मुरूम, खडी, डबर किती ब्रास धरलं आहे ते बघा. खड्ड्यांच्या मापाशी ते जुळत नसेल तर काम सुरू होण्याआधीच विचारा.

खुंट्या ठोकल्यावरचे फोटो आणि खड्ड्यात किती फुटांवर काय लागलं ते कळवा. चर कुठल्या बाजूला उतरवायचा आणि गच्चीचे पाइप वळवता येतील का, हे त्यावरून सांगता येईल.